संगणकातील दप्तर

रात्री उशिरापर्यंत बसून संगणकावर एखादा मजकूर पुरा करावा, तो जतन करण्याची कळ दाबावी, आणि दुसऱ्या दिवशी पाहावे तो कागद जागेवर नाही, हा अनुभव आता घरोघरी येऊ लागला आहे. अशा वेळी बहुतेकांच्या तोंडून एकच उद्गार निघतो : संगणकाने कागद खाल्ला! वास्तविक संगणक सहसा कागद खात नाही. कागद जेथे ठेवला गेला तेथेच असतो. ज्याचा तो कागद, त्याला मात्र ते ठिकाण ठाऊक नसते. संगणकात फाईल कोठे असते, तिचे ठिकाण कसे ठरते आणि हरवलेली फाईल कशी शोधावी, हा म्हणूनच केवळ तंत्रज्ञांचा विषय नाही. ज्याच्या घरात वा कचेरीत संगणक आहे, त्या प्रत्येकाचा तो विषय आहे.

कागद असणे आणि तो वेळेवर हाती लागणे या दोन निरनिराळ्या गोष्टी होत, हे जुन्या दप्तरदारांना चांगले ठाऊक होते. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. दप्तरात रुमाल, रुमालात पुडकी आणि पुडक्यात कागद, अशी ती उतरंड आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई, ज्यांच्या उमेदीची वर्षे बडोदे संस्थानच्या सेवेत गेली, त्यांच्या संपादनाखाली या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. आजही या दप्तरातील कागदाचा दाखला देताना अभ्यासक रुमालाचा क्रमांक सांगतात. कारण त्यावाचून दुसऱ्याला तो कागद काढून पडताळता येत नाही. ठिकाण सांगता आले म्हणजेच कागद खऱ्या अर्थाने दप्तरात आहे. संगणकाच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो.

मात्र संगणकातील दप्तर आणि कापडी रुमालांचे दप्तर यांत एक मूलभूत भेद आहे. रुमालात कागद खरोखरच असतो. संगणकातील फोल्डरात फाईल तशी नसते. डिस्कची सारी जागा लहान लहान समान घरांत विभागलेली असते. विंडोज या प्रणालीत हे घर बहुधा ४,०९६ बाइटांचे असते. मोठ्या फाईलचे असे शेकडो तुकडे होतात, आणि ते डिस्कवर एकाशेजारी एक असतीलच असे नाही. कोणत्या नावाची फाईल, तिचे तुकडे कोणकोणत्या घरांत आहेत आणि ती कोणत्या फोल्डरखाली मांडली आहे, याची नोंद एका वेगळ्या वहीत केलेली असते. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेल्या आणि आजही प्रचलित असलेल्या एनटीएफएस या पद्धतीत या वहीला मास्टर फाईल टेबल म्हणतात. सारांश, फोल्डर ही पेटी नव्हे. ती नावांची यादी होय.

ही गोष्ट ध्यानात आली की रोजच्या व्यवहारातील काही कोडी आपोआप उलगडतात. हजारो छायाचित्रे एका फोल्डरातून त्याच डिस्कवरील दुसऱ्या फोल्डरात हलविली तर ते काम क्षणात होते. तीच छायाचित्रे पेन ड्राइव्हवर न्यायची म्हटली तर बराच वेळ लागतो. पहिल्या प्रसंगी केवळ वहीतील नोंद बदलते, छायाचित्रांचा एक तुकडाही जागचा हलत नाही. दुसऱ्या प्रसंगी प्रत्येक तुकडा नव्याने उतरून घ्यावा लागतो. फाईल कायमची पुसली असे म्हणतात, तेव्हाही प्रथम पुसली जाते ती नोंद, आणि तिची घरे रिकामी झाल्याची खूण केली जाते. जुन्या फिरत्या डिस्कवर त्या घरांत दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मूळ मजकूर तेथेच राहतो आणि जाणकार मनुष्य तो परत मिळवू शकतो. नव्या सॉलिड स्टेट डिस्का मात्र अशी रिकामी घरे स्वतःच साफ करीत असतात, त्यामुळे तेथे ही आशा फार थोडी. म्हणून महत्त्वाचा कागद चुकून पुसला गेला तर त्या यंत्रावरील काम तत्काळ थांबवावे. फाईल सोडविण्याचा एखादा नवा कार्यक्रम त्याच डिस्कवर उतरवून घेणे म्हणजे ज्या घरात आपला कागद आहे तेच घर दुसऱ्यास देण्यासारखे आहे.

फोल्डरात फोल्डर मांडण्याची ही रीत वैयक्तिक संगणकाहून जुनी आहे. मल्टिक्स नावाच्या मोठ्या संगणक प्रणालीसाठी रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनी १९६५ साली एक निबंध सादर केला. त्यात झाडाच्या फांद्यांप्रमाणे पसरणाऱ्या फाईलव्यवस्थेचा आराखडा होता. वैयक्तिक संगणकात ही सोय मागाहून आली. १९८१ साली आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारात आला, तेव्हा त्याच्या डॉस प्रणालीत पोटफोल्डर नव्हते. १६० किलोबाइटांच्या एका फ्लॉपीवर अधिकात अधिक ६४ फाईलींची नोंद होई, आणि त्या साऱ्या एकाच यादीत असत. १९८३ साली त्याच कंपनीचा १० मेगाबाइटांची हार्ड डिस्क असलेला संगणक निघाला. एवढ्या मोठ्या जागेत एकच यादी पुरणार नाही हे उघड होते. त्याच वर्षी डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने फोल्डरात फोल्डर ठेवण्याची मुभा दिली. आधीच्या यंत्रांत ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीच्या दोन खणांना दिलेली होती, म्हणून हार्ड डिस्कच्या वाट्याला सी हे अक्षर आले. फ्लॉपी केव्हाच अडगळीत गेली. पण आजच्या संगणकातही मुख्य डिस्क सीच राहिली आहे.

फाईलचा पत्ता या सीपासूनच सुरू होतो. प्रथम डिस्कचे अक्षर, मग फोल्डर, मग पोटफोल्डर आणि शेवटी फाईलचे नाव. मध्ये प्रत्येक ठिकाणी एक तिरपी रेघ. विंडोज प्रणालीत सी डिस्कवर यूजर्स नावाचा फोल्डर असतो. त्यात संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाच्या नावाचा एकेक फोल्डर असतो, आणि त्याच्या पोटात डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, डेस्कटॉप हे फोल्डर असतात. पडद्यावर दर्शनी दिसणारा डेस्कटॉप हाही एक साधा फोल्डरच आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एकाच यंत्रावर वडील व मुलगी यांची खाती वेगळी असतील, तर दोघांचे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डरही वेगळे असतात. वडिलांनी जतन केलेला कागद मुलीला आपल्या खात्यात दिसत नाही, म्हणून तो नाहीसा झाला असे होत नाही.

आता फाईली वाट चुकतात त्या कोठे, हे पाहणे उपयोगाचे ठरेल. पहिले स्थळ म्हणजे डाउनलोड्स. इंटरनेटवरून उतरवून घेतलेली प्रत्येक वस्तू, वेगळे काही सांगितले नसेल तर, तेथे जाऊन पडते. विजेचे देयक, मुलाचे गुणपत्रक, लग्नाची पत्रिका आणि बँकेचा उतारा हे सारे तेथे एकाच ढिगात सापडतात.

दुसरे स्थळ अधिक घातक आहे. ई-मेलबरोबर आलेला कागद आधी जतन न करता तेथूनच उघडला, तर त्याची प्रत संगणक एखाद्या तात्पुरत्या आणि सहसा न दिसणाऱ्या फोल्डरात ठेवतो. त्या प्रतीवर कोणी दोन तास खपून दुरुस्त्या केल्या आणि ती आहे तेथेच जतन केली, तर दुरुस्त्या त्या आडजागी राहतात. मूळ पत्राबरोबरचा कागद जसाच्या तसा असतो, आणि दुरुस्त प्रत तात्पुरत्या फाईलींच्या सफाईत नाहीशी होण्याचा संभव असतो. हल्ली पुष्कळ कार्यक्रम असा कागद केवळ वाचण्यापुरता उघडतात. आलेला कागद आधी आपल्या फोल्डरात जतन करावा आणि मगच त्यावर लेखणी चालवावी, हा नियम प्रत्येकाने पाळण्यासारखा आहे.

तिसरा प्रकार शॉर्टकटचा. डेस्कटॉपवरील एखाद्या चित्राच्या कोपऱ्यात वाकडा लहानसा बाण असतो. ती फाईल नव्हे, फाईलकडे नेणारी पाटी होय. समारंभासाठी निघालेला चिटणीस अशी पाटी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतो आणि सभागृहात पोहोचल्यावर ती उघडत नाही. पाटी बरोबर आली, कागद घरीच राहिला. जिची नक्कल आपण नेत आहोत ती फाईल किती आकाराची आहे, हे निघण्यापूर्वी पाहिले तरी हा घोटाळा टळतो; कारण अशी पाटी अवघ्या एकदोन किलोबाइटांची असते.

चौथे स्थळ अगदी अलीकडचे आहे. विंडोजबरोबर येणारी वनड्राइव्ह ही सेवा चालू असेल, तर डॉक्युमेंट्स व डेस्कटॉप हे फोल्डर मूळ जागेवरून वनड्राइव्हच्या फोल्डराखाली गेलेले असू शकतात. नाव तेच, चित्र तेच. पत्ता मात्र बदललेला. शिवाय २०१७ पासून या सेवेत अशी सोय आहे की फाईलचे नाव संगणकावर दिसावे आणि मजकूर मात्र दूरच्या यंत्रावर असावा. अशा फाईलीच्या नावाशेजारी लहानसा ढग दिसतो. इंटरनेट आहे तोवर ती बिनतक्रार उघडते. जेथे इंटरनेट नाही अशा गावी संगणक नेला, की नाव दिसते आणि कागद उघडत नाही. प्रवासाला निघण्यापूर्वी अशी फाईल या यंत्रावर कायम ठेवावी असे तिच्यावर उजवी कळ दाबून सांगता येते. आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. संगणकावरची प्रत जागा अडवते म्हणून पुसून टाकली, तर दूरची प्रतही पुसली जाते. वैयक्तिक खात्यात अशी पुसलेली फाईल वनड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस राहते. तेवढ्या मुदतीत ती परत आणता येते.

फाईल हरवलीच, तर शोध कोठून सुरू करावा? ज्या कार्यक्रमात कागद लिहिला त्यालाच आधी विचारावे. वर्डमध्ये फाईल या शब्दावर टिचकी मारली की अलीकडे उघडलेल्या कागदांची यादी येते, आणि प्रत्येक नावाखाली त्याचा पत्ताही येतो. कागद उघडा असेल तर एफ १२ ही कळ दाबावी. जतन करण्याची जी चौकट पुढे येते ती बहुधा त्या कागदाचाच फोल्डर दाखवते. कागद जतन न करताच वर्ड बंद झाला असेल, तर त्याच फाईल यादीत माहितीच्या पानावर जतन न झालेले कागद परत मिळविण्याची सोय आहे.

याने काम झाले नाही तर विंडोजची कळ आणि ई ही कळ एकत्र दाबून फाईल एक्स्प्लोरर उघडावा, यूजर्समधील आपल्या नावाच्या फोल्डरात जावे, आणि उजवीकडच्या शोधचौकटीत नावाचा आठवेल तेवढा भाग लिहावा. नाव मुळीच आठवत नसेल तर कागदाच्या जातीवरून आणि तारखेवरून शोधावे. गेल्या आठवड्यात बदललेल्या सर्व वर्ड फाईली मागितल्या, की यादी सहसा आटोक्यात येते. हवी ती फाईल दिसताच उघडण्याची घाई करू नये. तिच्यावर उजवी कळ दाबून फाईलचे ठिकाण उघडावे, आणि वरच्या पत्त्याच्या पट्टीत मोकळ्या जागी टिचकी मारून पुरा पत्ता वाचावा. पत्ता न पाहता नुसती फाईल उघडली, तर आजचे काम होते आणि उद्या तोच शोध पुन्हा करावा लागतो. रिसायकल बिन पाहण्यास विसरू नये. परंतु पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाईल सहसा तेथे येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

येथे एक आक्षेप घेतला जातो. शोधचौकट असताना पत्ते लक्षात ठेवावेत कशाला? आक्षेप अगदीच पोकळ नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ व्हॅनिव्हर बुश यांनी १९४५ सालीच लिहिले होते की वर्ग-पोटवर्गांच्या उतरंडीने चालणारी मांडणी मनाला कृत्रिम वाटते. मन एका गोष्टीवरून दुसरीकडे संबंधाने जाते. नव्या पिढीला तर ही उतरंड माहीतच नसते. २०२१ साली द व्हर्ज या अमेरिकन नियतकालिकाने एक लेख प्रसिद्ध केला. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना फाईल कोणत्या फोल्डरात आहे या प्रश्नाचा अर्थच कळत नाही, असे अनेक प्राध्यापकांना आढळल्याचे त्यात नमूद होते. फोनवर वाढलेल्या मुलांना सारे एका ढिगात आणि शोध हाताशी, हीच सवय असते. उलट ऑफर बर्गमन आणि स्टीव्ह व्हिटेकर या संशोधकांनी अनेक वर्षे केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की शोधाची साधने सुधारली, तरी स्वतःच्या फाईलींपर्यंत लोक बहुधा फोल्डरांच्या वाटेनेच जातात. स्वतः ठेवलेली वस्तू मनुष्य नावापेक्षा जागेवरून अधिक सहज आठवतो.

मराठी लिहिणाऱ्यांच्या बाबतीत तर शोधचौकटीवर विसंबणे विशेष धोक्याचे आहे. युनिकोडचा पहिला संकेत १९९१ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात देवनागरी होती. पण विंडोजमध्ये भारतीय लिप्यांची नीट सोय विंडोज २००० पासून झाली. त्यापूर्वी आणि त्यानंतरही बरीच वर्षे शिवाजी, कृतिदेव यांसारख्या टंकांत मजकूर लिहिला गेला. डोळ्यांना तो मराठी दिसतो. परंतु संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरांची अर्थहीन ओळ असते. त्यात ज्ञानेश्वर हा शब्द शंभर वेळा आला असला, तरी ज्ञानेश्वर म्हणून शोधल्यास तो कागद सापडत नाही. युनिकोडमध्येही दुसऱ्या या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. दिसतो एकच, पण शोधताना जुळेलच याची हमी नाही. त्यात गावांच्या नावांची भर. एकाने फाईलला बेळगाव नाव दिले, दुसऱ्याने बेळगांव, तिसऱ्याने इंग्रजी अक्षरांत बेलगाम, आणि २०१४ नंतरच्या कोणी बेळगावी. बडोदे, बडोदा आणि वडोदरा यांची तीच कथा. असे कागद एका फोल्डरात असतील तर नजरेने सापडतात. विखुरले असतील तर कोणताही एक शब्द त्यांना एकत्र आणीत नाही.

हा प्रश्न व्यक्तीच्या सोयीपुरता असता तर त्याचा एवढा विस्तार करण्याचे कारण नव्हते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या वसलेल्या मराठी समाजाच्या ग्रंथालयांचे, मंडळांचे आणि नाट्यसंस्थांचे कागदही आता संगणकावर आले आहेत. सभांची इतिवृत्ते, सभासदांच्या नोंदी, स्मरणिकांचे मजकूर, जुन्या छायाचित्रांच्या प्रती हे सारे एखाद्या उत्साही चिटणिसाच्या यंत्रावर, त्याच्याच खात्यात, त्यालाच समजणाऱ्या जागी असते. तो मनुष्य गाव सोडून गेला वा जग सोडून गेला, की संस्थेचे वीस वर्षांचे दप्तर असूनही नसल्यासारखे होते. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य बंद झाले. जुने यंत्र काढून नवे घेण्याचा प्रसंग त्यामुळे पुष्कळांवर आला आहे. अशा वेळी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स तेवढे उतरवून घेतले जातात. ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरात अनेक कार्यक्रम आपला संग्रह ठेवतात, कोणी डी डिस्कवर वेगळा फोल्डर केलेला असतो. ते जुन्या यंत्राबरोबर भंगारात जाते.

यावर उपाय साधा आहे, नियमितपणा मात्र हवा. संस्थेचा असो वा घराचा, मुख्य फोल्डर एकच असावा आणि त्याखाली विषयांचे मोजके पोटफोल्डर असावेत. फाईलच्या नावात आरंभी वर्ष, मग महिना आणि दिवस, असे आकडे घालावेत. म्हणजे कागद आपोआप कालक्रमाने लागतात. गावांची व संस्थांची नावे लिहिण्याची एकच रीत ठरवावी. जुन्या टंकांतील कागद सवडीने युनिकोडमध्ये आणावेत, आणि तोवर त्यांचा फोल्डर वेगळा ठेवून त्यावर टंकाचे नाव लिहावे. महत्त्वाच्या कागदांच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी असावी.

याखेरीज एक गोष्ट संगणकाबाहेर करावयाची आहे. साध्या कागदावर चार ओळी लिहाव्यात : कोणते कागद कोणत्या यंत्रावर, कोणत्या खात्यात आणि कोणत्या फोल्डरात आहेत, आणि त्यांच्या प्रती कोठे आहेत. हा कागद कपाटात ठेवावा आणि तो तेथे असल्याचे आणखी एका विश्वासाच्या माणसास सांगून ठेवावे. वर्षातून एकदा त्या माणसाला संगणकापुढे बसवून, केवळ त्या चार ओळींच्या आधारे, एखादा जुना कागद काढण्यास सांगावे. तो निघाला तर दप्तर जागेवर आहे. न निघाला तर दुरुस्ती त्याच दिवशी करावी; कारण ज्याला सारे पत्ते ठाऊक आहेत तो त्या दिवशी तरी शेजारी बसलेला असतो.